परत न आलेली पुस्तके



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर उभे राहण्याचा मला काय अधिकार, हा प्रश्न चालकांचे पत्र हाती पडल्यापासून मी स्वतःला विचारीत आलो आहे. मी प्राध्यापक नव्हे, लेखक नव्हे. पुढारी तर नव्हेच नव्हे. अडतीस वर्षे मी रेल्वेच्या टपालाच्या डब्यात आणि टपाल कचेरीत उभा राहून पत्रे लावली आणि २०१५ साली निवृत्त झालो. पुस्तकांचे वेड तेवढे आहे. त्या वेडाची बातमी कोणी तरी चालकांच्या कानी घातली असावी. त्यांनी लिहिले, ‘वाचनाविषयी चार शब्द सांगा.’ चार शब्द म्हणजे तासाभराचे भाषण असा आपल्याकडे संकेत आहे. मी मात्र तुमचा इतका वेळ घेणार नाही. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून गावोगावच्या अशा मालांतून मोठमोठे विद्वान बोलून गेले. त्यांच्या पंक्तीत माझे पान मांडले गेले आहे; तेव्हा वाढले जाईल ते गोड मानून घ्यावे, एवढीच विनंती.

वाचनावर बोलायला एखादा म्हातारा उभा राहिला की तो काय बोलणार हे श्रोत्यांना आधीच ठाऊक असते. हल्ली कोणी वाचीत नाही, तरुण पिढी मोबाइलमध्ये डोके खुपसून बसली आहे, आमच्या वेळी असे नव्हते, संस्कृती बुडाली! असे भाषण मीही अनेक वेळा केले आहे. सभेत नसेल, पण नाक्यावर, लग्नाच्या पंगतीत आणि विशेषेकरून आपल्याच मुलांसमोर केले आहे. आज ते करणार नाही. कारण गेल्या काही वर्षांत असे लक्षात आले, की या खटल्यात मी स्वतःला फिर्यादी समजत होतो, पण माझी जागा आरोपीच्या पिंजऱ्यात आहे. तेव्हा आज तुमच्यापुढे व्याख्यान नाही, एक कबुलीजबाब आहे.

प्रथम माझ्या संग्रहाविषयी सांगतो. माझ्याजवळ दोन हजार एकशे चाळीस पुस्तके होती. ही श्रीमंताची हौस नव्हे. महिन्याच्या पगारातून किराणा, शाळेची फी, आईचे औषध हे सारे जाऊन जे उरे त्यातून ती घेतली. निम्मी तर रद्दीच्या दुकानातून आणि फुटपाथवरून आली. आमची गाडी पहाटे पोचत असे; परतीची पाळी रात्री असे. मधला दिवस सोबतचे लोक झोपेत घालवीत, मी जुन्या बाजारात घालवी. तराजूवर चढलेली पुस्तके मी किलोच्या भावाने सोडवून आणली आहेत.

अशा पुस्तकांचे पहिले पान उघडले, की तेथे कोणाचे तरी नाव असते. ‘चिरंजीव अमुक यास मुंजीनिमित्त मामाकडून.’ ‘सौभाग्यवती तमुक हीस, पहिल्या दिवाळसणाची आठवण.’ कुठे एखाद्या बंद पडलेल्या वाचनालयाचा जांभळा शिक्का आणि मागच्या बाजूला पुस्तक परत करावयाच्या तारखांची रांग. ती नावे मी मोठ्या आवडीने वाचीत असे. आणि मग त्यांच्याखाली पेन उघडून माझे नाव असे ठसठशीत लिहीत असे, की जणू ती रांग माझ्यापाशी येऊन कायमची संपली.

चार कपाटे करून घेतली. त्यांना काचा आणि कुलपे. प्रत्येक पुस्तकाला खाकी कागदाचे वेष्टन, कण्यावर माझ्या अक्षरात नाव. पावसाळ्याआधी डांबराच्या गोळ्या, पावसाळ्यानंतर ऊन. पुस्तक मागायला कोणी आले, की माझे ठरलेले उत्तर असे : ‘इथे बसून वाचा की! आपलेच घर आहे.’ आता दुसऱ्याच्या घरी खुर्चीच्या टोकावर बसून, यजमानाच्या नजरेखाली, तीनशे पानांचे पुस्तक कोण वाचणार? मला ते कळत होते. कळत होते म्हणूनच मी ते उत्तर देत होतो. माझी पत्नी एकदा म्हणाली, “अहो, माझ्या दागिन्यांपेक्षा तुम्ही ही पुस्तके जपता. पण दागिने निदान लग्नाकार्यात घराबाहेर तरी पडतात.” मी हसलो. ते बोलणे मला पुस्तकांचे कौतुक वाटले होते.

आता मुख्य गोष्ट. १९९३ सालची. आम्ही तेव्हा सरकारी वसाहतीत राहत होतो. शेजारच्या बिऱ्हाडातली एक मुलगी दहावीला होती. हुशार, पण घरात पाठ्यपुस्तकांपलीकडे छापील कागद म्हणजे पंचांग आणि वाण्याच्या पुड्या. ती आमच्याकडे पत्नीला मदत करायला म्हणून येई आणि कपाटापुढे उभी राही. एके दिवशी तिने धीर करून विचारले, “काका, इरावतीबाईंचं ‘युगान्त’ मला वाचायला द्याल का? आमच्या बाई वर्गात सांगत होत्या.” १९६७ साली प्रथम निघालेले ते पुस्तक; महाभारतातल्या माणसांकडे माणसे म्हणून पाहणारे. माझ्याकडची प्रत पहिल्या आवृत्तीची होती आणि तिचा मला भारी अभिमान होता. मी म्हणालो, “बाळ, आता परीक्षेचं बघ. परीक्षा झाल्यावर देईन.” परीक्षा झाली. ती पुन्हा आली. मी म्हणालो, “निकाल लागू दे.” निकाल लागला, तिला चांगले गुण मिळाले. मी पेढा खाल्ला आणि तिच्या हातावर एक्कावन्न रुपये ठेवले. पुस्तक ठेवले नाही. पुढे तिच्या वडिलांची बदली झाली आणि ते कुटुंब निघून गेले.

बरोबर तीस वर्षांनी, २०२३ साली, एका स्टेशनच्या फलाटावर एक बाई पुढे येऊन मला वाकून नमस्कार करू लागल्या. तीच मुलगी. आता बँकेत अधिकारी आहे. केसांत रुपेरी छटा आली आहे. बरोबर तिची कन्या होती. ती मुलीला सांगू लागली, “हे ते पुस्तकांचे काका.” मला बरे वाटले. मग हसत म्हणाली, “काका, तुमच्या कपाटातल्या पुस्तकांची नावं मला अजून पाठ आहेत. काचेतून वाचून वाचून पाठ झाली होती. दुसऱ्या कपाटातली वरची ओळ म्हणून दाखवू?” आणि तिने खरोखरच ती ओळ डावीकडून उजवीकडे म्हणून दाखवली. मी विचारले, “मग पुढे वाचलंस ना सगळं?” ती म्हणाली, “नाही हो. नोकरी लागली, संसार झाला. सवय लागायचं वय निघून गेलं. नावं तेवढी राहिली.”

तिच्या बोलण्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. असता तर बरे झाले असते. मी उलट उत्तर दिले असते. तिची गाडी सुटली आणि मी फलाटावरच्या बाकावर बसून राहिलो. तीस वर्षे तिच्या मनात माझ्या पुस्तकांची फक्त पाठ होती. आतले पान तिला मी कधी दिसूच दिले नव्हते. आणि हल्ली कोणी वाचीत नाही, अशी तक्रार करीत तीस वर्षे मीच हिंडत होतो!

तुम्ही म्हणाल, पुस्तक जपणे हा काय गुन्हा आहे? आपल्या पूर्वजांनीही तेच सांगितले आहे. लेखणी, पुस्तक दुसऱ्याच्या हाती गेले की गेलेच समजावे, असे एक संस्कृत सुभाषित आपल्याकडे प्रसिद्ध आहे. जुन्या पोथ्यांच्या शेवटी पोथीच वाचकाला विनवते, की तेल, पाणी, सैल बांधणी यांपासून मला वाचव आणि मूर्खाच्या हाती मला देऊ नको. मीही ही सुभाषिते मोठ्या अक्षरांत लिहून कपाटावर लावली होती. पण एक गोष्ट सोयीस्कर विसरलो. ती वचने हाताने लिहिलेल्या पोथीच्या काळातली आहेत. एक पोथी उतरून घ्यायला महिने लागत. विलायतेतही एके काळी पुस्तके इतकी दुर्मिळ, की हेरफर्डच्या ख्रिस्ती मंदिरात ती लोखंडी साखळीने फडताळाला बांधून ठेवीत. ते साखळदंडातले ग्रंथालय आजही पाहावयास मिळते. तेथे निदान साखळी वाचकाच्या मेजापर्यंत पोचेल इतकी लांब होती. माझ्या कुलपाला ती सोयही नव्हती. आणि पोथी मूर्खाच्या हाती देऊ नये, हे वचन मी शिरोधार्य मानले. मूर्ख कोण हे ठरवण्याचा अधिकार मात्र परस्पर स्वतःकडे घेतला.

शिवाय ज्यांनी खरोखर जपले, त्यांनी कसे जपले तेही पाहा. एकनाथ महाराजांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. शुद्ध का करावी लागली? तीनशे वर्षे लोकांनी ती उतरली, वाचली, एकमेकांना दिली, आणि उतरताना चुका झाल्या, पाठ बदलले म्हणून. एखाद्याने मूळ पोथी पेटीत बंद करून पेटी पुरून ठेवली असती तर एकही चूक झाली नसती. पण मग शुद्ध करायला नाथांच्या हाती काय आले असते? अलीकडचे उदाहरण इतिहासाचार्य राजवाड्यांचे. त्यांना बीडकडे ज्ञानेश्वरीची एक फार जुनी पोथी मिळाली आणि तिच्या आधारे त्यांनी १९०९ साली आपली प्रत छापून प्रसिद्ध केली. ती मूळ पोथी आज उपलब्ध नाही. छापून लोकांच्या हाती गेलेली राजवाडे प्रत मात्र उरली आहे. तिच्याविषयी पंडितांनी वाद घातले, अजूनही घालतात. वाद घालण्यासाठीसुद्धा पुस्तक हाती असावे लागते.

आपल्याकडची वाचनालये याच जाणिवेतून निघाली. रत्नागिरीचे वाचनालय १८२८ चे, नाशिकचे १८४० चे, पुण्याचे नगर वाचन मंदिर १८४८ चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला १९६७ साली, म्हणजे पुष्कळ नंतर. आधी लोकांनी कपाटे उघडली, मग कायदा आला. बडोद्याचे सयाजीराव महाराज तर याच्याही पुढे गेले. त्यांनी १९१० साली बॉर्डन नावाचे अमेरिकन ग्रंथपाल आणवून संस्थानभर वाचनालयांची व्यवस्था लावली. आणि जेथे वाचनालय नाही अशा खेड्यांकडे लाकडी पेट्यांत भरून पुस्तके पाठवली. लोक पुस्तकाकडे येत नाहीत, तर पुस्तक लोकांकडे जाऊ दे, हा त्यातला साधा विचार. त्याच वाटेने २००९ पासून नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या उपक्रमाच्या पेट्या हिंडू लागल्या, आणि २०१७ साली पाचगणीजवळच्या भिलार गावाने आपल्या घराघरांतून वाचकांसाठी पुस्तके मांडली.

पण मला सर्वांत अस्वस्थ करणारे उदाहरण संस्थेचे नाही, एका माणसाचे आहे. कृष्णराव अर्जुन केळुसकर हे मुंबईतले एक शिक्षक आणि लेखक. चर्नी रोडच्या बागेत ते जात, तेथे एक विद्यार्थी एकटाच वाचीत बसलेला त्यांना दिसे. त्यांनी चौकशी केली, ओळख करून घेतली. १९०७ साली तो मुलगा मॅट्रिक झाला तेव्हा त्याच्या कौतुकासाठी सभा भरली, आणि केळुसकरांनी त्या सभेत त्याच्या हाती स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र ठेवले. तो मुलगा म्हणजे भीमराव आंबेडकर. ते पुस्तक वाचून आपण किती भारावलो, हे बाबासाहेबांनी १९५६ सालच्या एका प्रस्तावनेत लिहून ठेवले आहे. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपूरला काय घडले, ते साऱ्या जगाला माहीत आहे. मधे एकोणपन्नास वर्षे गेली होती. धर्मांतर एका पुस्तकामुळे झाले असे मी म्हणत नाही. असे म्हणणे पोरकटपणाचे होईल. त्यामागे आयुष्यभराचे अपमान, अभ्यास आणि चिंतन होते. मी एवढेच म्हणतो, की केळुसकरांनी त्या मुलाला ‘निकाल लागू दे’ असे सांगितले नाही. निकाल लागला त्या वेळी त्यांच्या हातात पुस्तक होते. माझ्या हातात एक्कावन्न रुपये होते.

आता आजच्या काळाकडे येतो. तुम्हांला वाटेल, पुस्तके हाती देण्याचे एवढे कौतुक कशाला? आता तर मोबाइलवर सारे फुकट फिरते. खरे आहे. मजकूर इतका फिरत आहे, की इतिहासात कधी फिरला नसेल. मला रोज सकाळी व्हॉट्सॲपवर किमान वीस संदेश येतात : सुविचार, आरोग्याचे उपाय, कोणा थोर माणसाच्या नावावर खपवलेल्या कविता. एका स्नेह्याने परवा एका बोटाच्या दाबाने मला तीनशे पुस्तके पाठवली. लेखक-प्रकाशकांना विचारले होते काय, हा प्रश्न त्याच्या मनाला शिवला नाही. मी त्याला विचारले, “यातले तुम्ही कोणते वाचलेत?” तो म्हणाला, “छे हो, वाचायला वेळ कुठला! पुढे पाठवली.”

मला एकदम जाणवले, की तो आणि मी एकाच रोगाचे दोन रोगी आहोत. मी वाचून पुढे पाठवीत नव्हतो; तो न वाचता पुढे पाठवीत होता. माझ्यापाशी सारे अडून राहिले, त्याच्यापाशी काहीच थांबत नाही. संस्कृती टिकायला, माझ्या मते, दोन्ही लागते. आधी एखादी गोष्ट आपल्यापाशी थांबली पाहिजे, आपण ती वाचली पाहिजे, तिने आपल्याला थोडे बदलले पाहिजे. आणि मग ती पुढे गेली पाहिजे, आणि तीही सर्वांकडे एकदम नव्हे, तर एका माणसाकडे, त्याला ओळखून. ‘हे मी वाचले, आणि वाचताना मला तुझी आठवण झाली,’ असे म्हणून जे दिले जाते, ते देणे. यंत्राचा यात दोष नाही. मोबाइलवरसुद्धा असे देता येते. माझा मुलगा बंगळुरूला असतो. तो दर महिन्याला मला एकच लेख पाठवतो आणि खाली दोन ओळी लिहितो, की बाबा, यातला अमुक परिच्छेद वाचून तुमच्या गाडीतल्या गोष्टी आठवल्या. ते मी चष्मा पुसून वाचतो. ज्या मुलांना मी ‘वाचीत नाहीत’ म्हणून बोल लावीत होतो, त्यांतल्याच एकाने हे देण्याचे मर्म माझ्या आधी ओळखले होते.

याच मुलाने मला एकदा सरळ विचारले होते, “बाबा, तुमच्यानंतर या पुस्तकांचं काय? माझ्या दोन खोल्यांत ती मावणार नाहीत.” तेव्हा मला त्याचा राग आला होता. फलाटावरच्या त्या भेटीनंतर मात्र मी सारी पुस्तके दान करायचे ठरवले आणि एका वाचनालयाच्या चिटणीसांना गाठले. ते समंजस गृहस्थ. म्हणाले, “यादी द्या, आमच्याकडे नसतील ती घेऊ. पण एक विचारतो, रागावू नका. पुस्तके तुम्ही द्याल, वाचक द्याल का? आमच्या कपाटांनाही कुलपे आहेतच.” मी विचारात पडलो. मी औदार्य दाखवायला निघालो होतो. प्रत्यक्षात एका कुलपातून काढून दुसऱ्या कुलपात ठेवण्याची ती खटपट होती.

तेव्हा २०२४ च्या गुढीपाडव्यापासून मी निराळा उद्योग आरंभला. दर रविवारी सकाळी आमच्या घराच्या ओट्यावर सतरंजी टाकून पन्नास पुस्तके मांडतो. कोणीही यावे, न्यावे. अनामत नाही, वर्गणी नाही, मुदत नाही. एक वही ठेवली आहे, तीत नेणाऱ्याने नाव लिहायचे. पहिल्या रविवारी दोघे आले. एक पत्ता विचारायला आला होता. आता पंधरावीस येतात. भाजीवाल्या बाईंचा मुलगा येतो, निवृत्त हवालदार येतात, शिकवणीला जाता जाता मुली थांबतात. कोणाला काय द्यावे याचा मी आठवडाभर विचार करतो. दोन हजार पुस्तके जमवताना जो आनंद झाला नाही, तो एका माणसाला त्याचे पुस्तक सापडताना होतो.

माझी वही टपालवाल्याची आहे, तेव्हा हिशेब चोख आहे. दोन वर्षांत ४१२ वेळा पुस्तक बाहेर गेले. ३४३ वेळा परत आले. ३२ सध्या वाचकांकडे आहेत. उरलेली ३७ परत येण्याची आशा नाही. प्रथम या ३७ पुस्तकांनी मला झोप येऊ दिली नाही. सुभाषितकाराचा शब्द खरा झाला असे वाटले. मग एका रात्री जुनी नोकरी आठवली.

आमच्या टपालाच्या डब्यात भिंतीला लाकडी खण असत. एकेका गावाचा एकेक खण. रात्रभर हलत्या गाडीत उभे राहून आम्ही त्या खणांत पत्रे टाकीत असू, आणि आपापले स्टेशन आले की थैली बांधून खाली देत असू. पाळी संपताना खण रिकामे दिसले पाहिजेत, ही आमची शिस्त. भरलेला खण ही कामगिरी नव्हे, चूक. अडतीस वर्षे मी रिकामे खण दाखवून अभिमानाने घरी आलो. आणि घरी येऊन भरलेल्या कपाटांकडे तितक्याच अभिमानाने पाहत बसलो. या दोहोंतली विसंगती मला कधी दिसली नाही! आणि दुसरी गोष्ट : पाठवणाऱ्याकडे परत येते ते पत्र कोणते? जे पोचले नाही ते. पोचलेले पत्र परत येत नसते.

आता मला तुमच्या चेहऱ्यांवर हसू दिसते आहे, आणि मागल्या रांगेतले काही जण उसनी आणलेली पुस्तके ठेवून घ्यायला मोकळीक मिळाली, अशा आनंदात आहेत. त्यांना सांगतो, पुस्तक वाचून परत करणे हीच सभ्यता. ते परत आले तरच दुसऱ्याला देता येते. मी न्यायनिवाडा करीत नाही, माझ्या मनाची समजूत सांगतो. या ३७ पैकी एक पुस्तक गेल्या पावसाळ्यात मला बसस्थानकावर दिसले. तेच खाकी वेष्टन, कण्यावर माझे अक्षर. वाचणारा तरुण मी कधी पाहिला नव्हता. माझ्या वहीत तर तो नव्हताच. निम्म्याच्या पुढे गेला होता. मी त्याच्या शेजारच्या बाकावर बसलो आणि माझी बस आली तेव्हा उठून गेलो. काही बोललो नाही.

आणि ‘युगान्त’? त्या बाईंचा पत्ता फलाटावरच घेतला होता. पण पाठवायचा धीर दोन वर्षे झाला नाही. तीस वर्षे उशिरा दिलेले पुस्तक हा चेष्टेचा प्रकार वाटेल, असे भय होते. १ मे २०२५ पासून टपालखात्याने पुस्तकांसाठी ‘ज्ञान पोस्ट’ नावाची स्वस्त सोय केली. वजनाप्रमाणे २० रुपयांपासून १०० रुपयांपर्यंत दर. जुन्या खात्यानेच वाट दाखवली असे समजून मी ते बांधले. पहिल्या पानावर माझ्या नावाखाली तिचे नाव लिहिले आणि तिच्या नावाखाली जागा मोकळी सोडली. पुस्तक पोचल्याचा दूरध्वनी आला. वाचले का, हे तिने सांगितले नाही आणि मी विचारले नाही. देणाऱ्याला तो अधिकार नाही, निदान इतक्या उशिरा देणाऱ्याला नाही.

माझे सांगणे संपले. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आपण सर्वांनी पेढे वाटले. दर्जा सरकार देऊ शकते. पुस्तक शेजारच्या मुलीच्या हाती सरकार ठेवू शकत नाही. ते आपल्यालाच करावे लागते. तुमच्यापैकी प्रत्येकाच्या घरी एखादे तरी कपाट असेल, आणि त्या कपाटापुढे उभे राहून काचेतून नावे वाचणारे कोणी तरी असेल. घरी गेल्यावर ते कोण आहे एवढे आठवून पाहा.

मी येताना पिशवीत अकरा पुस्तके आणली आहेत. ती बाहेर दाराशी, पाण्याच्या पिंपाशेजारच्या टेबलावर ठेवली आहेत. जवळच वही आहे. नाव लिहिलेत तर बरे. विसरलात तरी चालेल. जाताना माझी पिशवी रिकामी असावी, एवढी माझ्यावर कृपा करा.